धावणाऱ्या माणसाची स्ट्रेस टेस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पार्कला पहाटे आमचा पंधरा-सोळा जणांचा गट धावतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसला. सात महिन्यांनी मी पुन्हा गटात आले, आणि तेव्हापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतं, "ताई, मी टीएमटी करून घेऊ का?" म्हणून ही उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या दोन चाचण्या, माझ्या हृदयतज्ज्ञांना विचारलेले प्रश्न आणि नंतरचं वाचन यांतून हे जमलं आहे. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

टीएमटी, ट्रेडमिल टेस्ट आणि स्ट्रेस टेस्ट या वेगवेगळ्या चाचण्या आहेत का?

बोलण्यात तिन्ही नावं एकाच चाचणीला वापरतात. (ठाण्याहून येणाऱ्या मंडळींना टीएमटी म्हटलं की आधी बस आठवते, म्हणून हा खुलासा.) यातला 'स्ट्रेस' मनाचा ताण नव्हे, शरीराचे श्रम. छातीला ईसीजीच्या तारा लावून तुम्हाला पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात, आणि हृदयाला रक्त कमी पडतंय का ते पाहतात.

बसल्या जागी काढलेला ईसीजी का पुरत नाही, हे जुन्या इमारतीत राहिलेल्याला लगेच कळेल. पाइपात आतून गंज चढलेला असला तरी दुपारी एकच नळ उघडला तर पाणी बरं येतं. सकाळी सहाला सगळ्या घरांतले नळ एकदम सुटले, की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. हृदयाच्या धमनीचंही तसंच. आरामात असताना अरुंद धमनीतूनही गरजेपुरतं रक्त जातं आणि ईसीजी स्वच्छ येतो. मागणी वाढली की तूट दिसते.

मी रोज दहा किलोमीटर धावतो. मला या चाचणीची गरजच काय?

काहीही त्रास नसेल, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांतलं काही नसेल आणि घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झालेला नसेल, तर बहुतेक वेळा गरज नसते. अमेरिकेतल्या आरोग्य तपासणीविषयक तज्ज्ञ गटाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की कमी जोखमीच्या, त्रास नसलेल्या माणसांची केवळ चाळणी म्हणून ही चाचणी करू नये. कारण खाली 'पॉझिटिव्ह'च्या प्रश्नात आहे. चेकअपच्या पॅकेजात फुकट मिळते, हे काही चाचणी करण्याचं कारण नव्हे.

त्रास असेल तर मात्र 'मी रोज धावतो' हे वाक्य मनातून काढून टाका. धावण्याने जोखीम कमी होते, शून्य होत नाही. आपल्या लोकांना तर हा आजार लवकर गाठतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं मध्यक वय ५३ निघालं, इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी.

या दोन टोकांच्या मध्ये बरेच जण असतात. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, साखर थोडी वर, वडिलांची पन्नाशीत बायपास झालेली, आणि जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी पहिल्यांदाच जोरात सराव सुरू करणारे. अशांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वेग वाढवू नये. चाचणी करायची की दुसरं काही, ते त्या बोलण्यातून ठरेल.

धावताना होणारा त्रास हृदयाचाच आहे हे कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून तर चाचणी. पण एक खूण लक्षात ठेवा: ठरावीक श्रमाला येतो आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातो. मग तो छातीत असो, घशाशी असो, जबड्यात, डाव्या दंडात, पाठीत, नाहीतर पोटाच्या वरच्या भागात.

माझा त्रास छातीत नव्हताच. पेडर रोडचा (पाटीवर डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग) चढ चढताना घशाच्या खाली कुणी मऊ फडक्याने आवळल्यासारखं व्हायचं. चढ संपून केम्प्स कॉर्नरकडे उतरायला लागलं की गायब. दुखणं म्हणावं असं ते नव्हतं. मी अ‍ॅसिडिटी समजले. पहाटेचा चहा बंद केला, जिऱ्याचं पाणी सुरू केलं. तीन महिने गेले. अ‍ॅसिडिटी चढ बघून येत नाही, हे मी विज्ञानाची शिक्षिका असून मला सुचलं नाही. बायकांमध्ये त्रास असा आडवळणाने येणं पुष्कळ दिसतं, आणि आपणच तो पित्ताच्या खात्यात टाकतो.

आणखी तीन गोष्टी गंभीरपणे घ्या. धावता धावता डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं. धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबणं. आणि काही कारण नसताना दम कमी होणं, म्हणजे दिवाळीपर्यंत ज्या वेगाला गप्पा मारता येत होत्या, त्याच वेगाला आता शब्द फुटत नाहीत. स्टेशनचा पूल चढताना सवयीपेक्षा जास्त धाप लागू लागली, तर तेही यातच मोडतं.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

"छातीत कसंतरी होतं" एवढंच सांगितलं, तर तुमची चाचणी सर्वसाधारण माणसासारखी होईल. तुम्ही सर्वसाधारण माणूस नाही. तुमचा त्रास जिथे सुरू होतो तिथपर्यंत बहुतेक माणसं पोहोचतच नाहीत. म्हणून कागदावर लिहून न्या: किती धावता, कोणत्या वेगाने, त्रास कितव्या मिनिटाला आणि सपाटीवर की चढावर येतो, तेव्हा नाडी किती असते, थांबल्यावर किती वेळात जातो. घड्याळात नोंद असेल तर तो आलेख दाखवा. आणि स्पष्ट विचारा, "माझा त्रास नाडी १५५ च्या पुढे गेल्यावर येतो. चाचणी तिथपर्यंत नेणार का?"

यात उद्धटपणा काही नाही. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद वाचून मान डोलावली आणि तिथल्या तिथे चाचणीच्या चिठ्ठीवर 'त्रास होईपर्यंत' असं लिहिलं.

'८५ टक्के टार्गेट' म्हणजे काय? तिथेच मशीन का थांबवतात?

२२० मधून वय वजा केलं की कमाल नाडीचा एक ढोबळ आकडा येतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे टार्गेट. तेव्हा मी ५३ वर्षांची होते: २२० वजा ५३ म्हणजे १६७, आणि त्याचे ८५ टक्के १४२.

हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या निरोगी माणसांत खरी कमाल नाडी या आकड्याच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं. २००१ साली २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र आलं. मोठ्या वयात ते अधिक जुळतं, पण तीही सरासरीच.

८५ टक्क्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्या आत चाचणी थांबली आणि काहीच सापडलं नाही, तर 'नॉर्मल' म्हणता येत नाही, कारण हृदयावर पुरेसा भार पडलेला नसतो. म्हणजे ती किमान पायरी आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की केवळ हा आकडा आला म्हणून चाचणी थांबवू नये, माणूस थकेपर्यंत किंवा त्रास होईपर्यंत न्यावी. प्रत्यक्षात मात्र बाहेर बाकावर सात जण बसलेले असतात आणि आकडा येताच पट्टा मंदावतो.

माझ्या पहिल्या चाचणीत तसंच झालं. सातव्या मिनिटाला नाडी १४२ झाली. "टार्गेट झालं, मॅडम," म्हणून थांबवलं. मला नुकता कुठे घाम फुटला होता. १४२ ही माझी शिवाजी पार्कच्या सपाट फेरीतली गप्पांची नाडी. घसा आवळायचा तो १५५ च्या वर. रिपोर्टवर 'निगेटिव्ह' लिहिलेलं होतं. मी पेढे वाटले नाहीत एवढंच, आणि आणखी दोन महिने त्याच चढावर तशीच धावत राहिले.

दुसरी चाचणी दुसरीकडे, वरच्या चिठ्ठीसह. अकराव्या मिनिटाला नाडी १६१ असताना तोच घसा, तेच फडकं. मी हात वर केला, तेवढ्यात डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलंच होतं: ईसीजीची रेघ दोन मिलिमीटर खाली गेली होती. पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी (धमनीत औषध सोडून आतून काढलेलं तिचं चित्र) झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी मोठी धमनी ८५ टक्के अरुंद होती.

पहिल्या ठिकाणच्या माणसांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. १४२ पर्यंत माझं हृदय ठीक होतंच. चाचणी तेवढ्याचंच उत्तर देते, जेवढं तिला विचारलं जातं. माझा खरा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, आणि तो विचारायचं काम माझंही होतं.

पट्ट्यावर प्रत्यक्ष काय होतं?

छातीवर दहा चिकट्या लावतात. पुरुषांच्या छातीवरचे केस तेवढ्यापुरते काढतात. दंडाला बीपीचा पट्टा. आधी झोपून आणि उभं राहून ईसीजी, मग चालणं सुरू.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात. सिअ‍ॅटलचे हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी ती १९६३ साली मांडली. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ. पुढे दर तीन मिनिटांनी चढ दोन टक्क्यांनी वाढतो आणि वेग ४, ५.५, ६.८, ८ असा चढत जातो. चौथा टप्पा, म्हणजे १२ मिनिटं पूर्ण करणारा माणूस चांगलाच तंदुरुस्त. तिथे ६.८ च्या वेगाला १६ टक्के चढ असतो. काही जण झपाझप चालतात, काही धावू लागतात.

मधूनमधून बीपी घेतात आणि "काही होतंय का?" विचारतात. खरं सांगा. आपल्या गटातल्या लोकांना शेवटपर्यंत टिकायची खोड असते, त्रास दाबून आणखी एक मिनिट काढायची. ही स्पर्धा नाही. तुम्ही लपवलेला त्रास रिपोर्टमध्ये 'त्रास नाही' म्हणून छापला जातो.

समोरच्या दांडीला लटकू नका. बोटं टेकवली तर चालतं. घट्ट धरून अंग त्यावर टाकलं तर श्रम कमी पडतात, वेळ वाढतो आणि क्षमता खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

मी ताशी ११ च्या वेगाने धावते, तरी आठव्या मिनिटाला पोटऱ्या भरून आल्या. माझा स्टॅमिना गेला का?

नाही. मुंबईत आपण सपाटीवर धावतो: मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, जुहूची वाळू. इथे एकदम १४ टक्के चढावर, धावण्याला अपुऱ्या आणि चालण्याला जड अशा वेगाने जायचं असतं. हृदयाआधी पोटऱ्याच तक्रार करतात. महिन्यातून दोनदा कळसूबाई, राजमाची करणाऱ्यांना हे सोपं जातं, सपाटीवरच्या धावपटूंना नाही.

पोटऱ्यांमुळे लवकर थांबावं लागेल असं वाटत असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर आधी सांगा. मंद चढाच्या दुसऱ्या पद्धती आहेत, सायकलवरही चाचणी होते. आदल्या आठवड्यात जिममधल्या ट्रेडमिलवर चढ लावून दोनदा पंधरा मिनिटं चाललात तर पावलं बुजत नाहीत. हे अर्थात त्रास नसलेल्यांसाठी. ज्यांना त्रास होतोय त्यांनी घरी तालीम करू नये.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी काय पाळायचं?

आदल्या दिवशी लांब धाव, ट्रेक, पायांचा जड व्यायाम नको. दोन-तीन तास आधीपासून खाणं नको. त्यापूर्वी पोहे-उपमा इतपत हलकं चालेल. चहा-कॉफी आणि तंबाखू त्या दिवशी टाळा. नेहमीचे धावायचे बूट न्या, नवे नकोत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी साखर उतरू शकते, वेळ आणि डोस आधी विचारून ठेवा. ताप, खोकला, अंगदुखी असेल तर चाचणी सरळ पुढे ढकला. विषाणूच्या तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज असते, तेव्हा श्रम धोक्याचे.

औषधांबद्दल जरा थांबून वाचा. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल, नेबिवोलॉल ही औषधं (बीटा ब्लॉकर) नाडी वाढूच देत नाहीत. निदानासाठी चाचणी असेल तर डॉक्टर ती एक-दोन दिवस आधी बंद करायला सांगू शकतात. अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांना आपण हृदयाचं औषध घेतोय हे माहीतच नसतं. गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. ही औषधं अचानक तोडली तर नाडी आणि बीपी उसळतं, छातीत दुखणं वाढू शकतं.

विरारहून किंवा बदलापूरहून गर्दीच्या लोकलने लोंबकळत येऊन थेट पट्ट्यावर चढू नका. अर्धा तास आधी पोहोचा, बसा.

बायकांसाठी कपड्यांचं काय? याबद्दल कुणीच सांगत नाही.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्यांदा मी कुडता घालून गेले. कमरेवरचे कपडे काढून समोरून उघडणारा, बंदांचा गाऊन देतात. चिकट्या डाव्या स्तनाच्या खाली आणि बाजूने लावाव्या लागतात. खाली ट्रॅक पँट किंवा लेगिंग घाला, म्हणजे निदान अर्धं अंग आपल्या सवयीच्या कपड्यात राहतं. ब्रा काढायला लावतात की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. तारेची तर नकोच, धावायची घट्ट ब्राही चिकट्यांवर घासून रेघा बिघडवू शकते. फोनवरच विचारून घ्या.

वेळ घेतानाच 'बाई टेक्निशियन हवी' असं सांगा. ते मागण्यात संकोच नको. अवघडून, गाऊन सावरत, एका हाताने पदरासारखा धरून चालणारी बाई पूर्ण जोर लावतच नाही आणि चाचणी अर्धवट होते. मी हे दोन्ही वेळचा फरक अनुभवून सांगते. अंगाला आदल्या रात्रीपासून तेल, क्रीम लावू नका, चिकट्या सुटतात. मंगळसूत्र, साखळी घरीच.

चाचणी करतानाच काही झालं तर?

धोका आहे, पण फार थोडा. सर्वसाधारणपणे दर १०,००० चाचण्यांमागे एखादा मृत्यू असा आकडा सांगितला जातो, आणि त्यात आधीच आजारी असलेले लोकही आले. म्हणूनच खोलीत डॉक्टर हजर असणं आणि शॉकचं यंत्र तयार असणं गरजेचं. डॉक्टर दुसऱ्या खोलीत आणि टेक्निशियन एकटाच, असं दिसलं तर चाचणी सुरू करू नका.

आरामातही छातीत दुखत असेल, दोन दिवसांत झटका येऊन गेला असेल, महाधमनीची झडप खूप अरुंद असून त्रास होत असेल, तर ही चाचणी करतच नाहीत.

माझ्या घड्याळात ईसीजी आहे. मग वेगळी चाचणी कशाला?

घड्याळाचा ईसीजी एकाच दिशेने पाहतो. ठोक्यांची अनियमितता पकडायला तो उपयोगी. हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडतंय हे त्यात कळत नाही. त्यासाठी बारा दिशांचा ईसीजी लागतो. घड्याळाने 'सामान्य' म्हटलं म्हणून छातीतला त्रास सामान्य होत नाही. नाडीची जुनी नोंद मात्र मोलाची, ती डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्टमध्ये काय वाचायचं?

सगळे थेट शेवटच्या ओळीवर जातात, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. त्याआधी हे पाहा.

किती मिनिटं आणि किती मेट. एक मेट म्हणजे आपण नुसते बसलेलो असताना शरीराला लागणारी ऊर्जा. ब्रूस पद्धतीत ९ मिनिटं म्हणजे साधारण १० मेट, १२ मिनिटं म्हणजे साधारण १३. ताशी १० किलोमीटरने धावणं हे १० मेटच्या आसपास. रोज त्याहून वेगाने धावणाऱ्या माणसाची चाचणी ७ मेटवर संपली असेल, तर का संपली हे विचारायलाच हवं. या आकड्याचं वजन मोठं आहे. २००२ साली सहा हजारांहून अधिक पुरुषांवरचा एक अमेरिकी अभ्यास आला. त्यात क्षमता एका मेटने जास्त असली की जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली.

कमाल नाडी, आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटात ती किती उतरली. १२ ठोके किंवा त्याहून कमीच उतरली तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. नियमित धावणाऱ्यांची भराभर उतरते.

बीपी. वरचा आकडा श्रमाबरोबर वाढायलाच हवा. जोरात श्रम करताना १८०-२०० पाहून घाबरू नका. वाढण्याऐवजी तो घसरला, तर ती धोक्याची खूण आणि चाचणी तिथेच थांबवतात.

चाचणी का थांबवली. 'टार्गेट गाठले', 'पाय थकले', 'छातीत त्रास', 'ईसीजीत बदल' या चारांचा अर्थ वेगवेगळा. माझ्या पहिल्या रिपोर्टात ही ओळ होती. मी ती वाचली नव्हती.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता झटका येणार का?

थांबा, श्वास घ्या. ईसीजीची रेघ एक मिलिमीटर किंवा जास्त, सरळ किंवा उतरती खाली गेली तर पॉझिटिव्ह म्हणतात. पण तशी ती धमनी स्वच्छ असलेल्यांतही जाते, आणि बायकांत जास्त वेळा.

हिशेब करून पाहू. जुन्या १४७ अभ्यासांचा एकत्र आढावा १९८९ साली निघाला. त्यात ही चाचणी आजार असलेल्या १०० पैकी सरासरी ६८ जणांना पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ७७ जणांना बरोबर 'नाही' म्हणते, असं दिसलं. आता काहीच त्रास नसलेले १०० धावपटू घेतले आणि त्यांतल्या ५ जणांना आजार आहे असं धरलं, तर तीन-चार पकडले जातील, पण उरलेल्या ९५ पैकी २२ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पंचवीसेक जण घाबरणार, त्यांतले तीन-चारच खरे. याउलट छातीत ठरावीक श्रमाला आवळणारे १०० जण घेतले आणि त्यांतल्या ८० जणांना आजार आहे असं धरलं, तर ५४ खरे सापडतील आणि खोटे चार-पाचच. यंत्र तेच, कागदही तोच. अर्थ ठरतो तो माणसाला त्रास होता की नव्हता यावर.

म्हणून विनात्रासाचा पॉझिटिव्ह आला तर धावत जाऊन अँजिओग्राफीच्या टेबलावर झोपू नका. स्ट्रेस एको (श्रमानंतरची हृदयाची सोनोग्राफी), थॅलियम (हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं चित्र), सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनने धमन्यांचं चित्र) असे मधले मार्ग आहेत. पण थोड्याच श्रमात रेघ खूप खाली गेली, बीपी घसरलं, बराच वेळ रेघ वर आली नाही, तर वेळ घालवू नका. डॉक्टर त्याच दिवशी सांगतील. निकाल लागेपर्यंत जोराचं धावणं बंद, सपाटीवर चालणंही विचारूनच.

निगेटिव्ह आला, म्हणजे मॅरेथॉनला मोकळा?

नाही. ही चाचणी रक्ताचा प्रवाह अडतोय का ते सांगते. धमनीत चरबीचा थर आहे की नाही ते सांगत नाही. झटका पुष्कळदा मध्यम जाडीचा थर फुटून, त्यावर गुठळी धरून येतो. फुटण्याच्या आदल्या दिवशी त्या थराने प्रवाह अडवलेलाही नसतो. वजन, साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, तंबाखू यांचं काम निगेटिव्ह रिपोर्टने संपत नाही. आणि रिपोर्टनंतरही तोच त्रास तसाच येत राहिला, तर रिपोर्टपेक्षा त्रासावर विश्वास ठेवा.

एक मुंबईची गोष्ट. चाचणीची खोली वातानुकूलित असते. ऑक्टोबरच्या दमट सकाळी त्याच वेगाला नाडी कितीतरी जास्त चढते, कारण अंग थंड ठेवायला त्वचेकडे रक्त वळवावं लागतं. खोलीत न आलेला त्रास बाहेर येऊ शकतो.

माझा साधा ईसीजीच 'अ‍ॅबनॉर्मल' छापून आला. धावणाऱ्यांचं असं होतं म्हणे?

होतं. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्यांची आरामातली नाडी ४५-५० असणं, ठोक्याचा संदेश थोडा उशिरा पोहोचणं, रेघांची उंची जास्त दिसणं, हे बदल बहुधा निरुपद्रवी असतात. यंत्र आपोआप छापतं ते सर्वसाधारण माणसाच्या मापाने. मात्र काही बदल (उदाहरणार्थ ठोक्याचा संदेश नेणाऱ्या डाव्या शाखेतला अडथळा, ज्याला एलबीबीबी म्हणतात) असतील तर टीएमटीची रेघ वाचताच येत नाही, मग प्रतिमेची चाचणी लागते. तुमचं धावणं माहीत असलेल्या डॉक्टरांनी तो कागद पाहायला हवा.

थेट सीटी अँजिओग्राफीच का करू नये?

प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी छातीदुखीच्या निदानासाठी ट्रेडमिल ईसीजी वापरू नये असंच सांगितलं, आणि सीटीचा वापर तिथे वाढत गेला. आपल्याकडे टीएमटी टिकून आहे कारण ती स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि धमनीच्या चित्रात न दिसणारी एक गोष्ट ती दाखवते: तुम्ही किती श्रम करू शकता आणि तेव्हा काय होतं. धावणाऱ्याला तेच हवं असतं. कोणती आधी, हे तुमच्या त्रासावर ठरू द्या.

मुंबईत कुठे करावी?

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी, रांग मोठी. खासगीत सोसायटीखालच्या केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे होते. मी नाव सुचवत नाही. तीन गोष्टी फोनवर विचारा: डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असतात का, चाचणी त्रास किंवा थकवा येईपर्यंत नेतात का, आणि ईसीजीच्या सगळ्या पानांची प्रत देतात का. ती प्रत जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना निकालाच्या ओळीपेक्षा तीच लागते.

चाचणीनंतर कधी धावू?

निकाल स्वच्छ असेल तर दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी अर्धा तास बसा, पाणी प्या, काहीतरी खा, मग घरी जा.

हे सगळं ठीक, पण आज पहाटेच धावताना छातीत भरून आलं आणि बसल्यावरही जात नाहीये. चाचणी कधीची घेऊ?

चाचणी घेऊ नका. ही वेळ टीएमटीची नाही. आरामातही न थांबणारा त्रास घेऊन पट्ट्यावर चढणं घातक आहे. जिथे आहात तिथे बसा, कुणालातरी हाक मारा, १०८ ला फोन लावा. स्वतः गाडी चालवू नका, जिना चढून घरी जाऊन 'जरा पडतो' म्हणू नका. ज्या रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे तिथे जा आणि दारातच सांगा, "छातीत दुखतंय, ईसीजी काढा." पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो निघायला हवा. घाम, मळमळ, डाव्या हातात कळ असेल तर तेही सांगा. मी रोज धावतो, हे मात्र सगळ्यात शेवटी सांगा. ते आधी ऐकलं की समोरचा माणूस निवांत होतो, आणि आपणही.